फोन टॅप झाला होता, हे त्या माणसाला कधीतरी कळायला हवं की नको?

धंतोलीकर

फोन टॅपिंगवर बोलणं निघालं की ते लगेच पक्षांवर घसरतं. कोणाच्या राज्यात कोणाचे फोन ऐकले, एवढंच उरतं. या धाग्यात मला ते बाजूला ठेवून एकच प्रश्न मांडायचा आहे. सरकारने तुमचा फोन ऐकला, त्यातून काहीच निघालं नाही, ऐकणं थांबलं. त्यानंतर ते तुम्हाला कळवणं सरकारवर बंधनकारक असावं का? आज तसं बंधन नाही. ते असायला हवं असं माझं ठाम मत आहे. ते नसल्यामुळे बाकीच्या सगळ्या मर्यादा कागदावरच राहतात.

आधी कायदा सांगतो. १८८५च्या तार कायद्याच्या कलम ५(२)नुसार सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, या दोहोंपैकी एक कारण असल्याशिवाय कोणाचा संदेश अडवता येत नव्हता. पण आदेश कोणी द्यायचा, किती दिवसांसाठी, तपासायचा कोणी, याचे नियमच केले गेले नाहीत. एकशे अकरा वर्षं असं चाललं. राजकारण्यांचे फोन ऐकल्याबद्दलचा सीबीआयचा अहवाल १९९१मध्ये बाहेर आला, नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणारी पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १८ डिसेंबर १९९६ला निकाल लागला. फोनवरचं बोलणं राज्यघटनेच्या कलम २१च्या (जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क) संरक्षणात येतं, आदेश गृहसचिवानेच द्यायचा, तो दोन महिने चालेल, वाढवला तरी सहा महिन्यांच्या पुढे नाही, आणि एक समिती तो तपासेल.

त्या खटल्यात आणखी एक मागणी होती. फोन ऐकण्याआधी न्यायालयीन छाननी व्हावी. कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून ती मान्य झाली नाही. २००७मध्ये तार नियमांत नियम ४१९-अ आला, त्यात ६० दिवस आणि १८० दिवस अशा मुदती पक्क्या झाल्या. आता २०२३चा दूरसंचार कायदा आहे, त्याखालचे नियम ६ डिसेंबर २०२४ला निघाले. सांगाडा तोच राहिला.

आता रचना बघा. राज्यात आदेश गृहखात्याचा सचिव देतो. तो तपासणाऱ्या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव, सोबत विधी खात्याचे सचिव आणि आणखी एक सचिव. केंद्रात अध्यक्ष कॅबिनेट सचिव. न्यायाधीश कुठेच नाही, विरोधी पक्षाचा आमदार-खासदार नाही, सरकारबाहेरचं कोणीही नाही. डेटा संरक्षणावरच्या न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या अहवालात माहिती अधिकारातून मिळालेला एक आकडा आहे. केंद्राच्या समितीपुढे दर बैठकीला १५,००० ते १८,००० आदेश येतात. बैठक दोन महिन्यांतून एकदा. एवढे कागद तीन सचिव वाचतील कसे? आणि दर सहा महिन्यांनी, कामाची गरज उरली नसेल तर, सगळ्या नोंदी नष्ट करायच्या असा नियम आहे. चुकीचा आदेश निघाला असला तरी त्याचा मागमूस उरत नाही.

तुमची मतं सांगा. विरोधी मत असेल तर आधी सांगा.

इतवारीवाला

वकीलसाहेब, मी नागपूरच्या इतवारीत धंदा करतो. कायद्याची कलमं मले समजत नाहीत, पण एक गोष्ट समजते. बाजारात कधी दंगा होईल, कधी कोणी पिशवी ठेवून जाईल, याचं भेव आम्हालेच असते. पोलिसांनी फोन ऐकले म्हणून कुठं काही होता होता राहिलं असेल, तर ऐकू द्या ना जी. माझ्या फोनवर मालाचे भाव आन् पोराच्या शाळेची फी, याशिवाय काय सापडणार हाये? ज्याच्या मनात चोर नाई त्यानं काऊन घाबरावं?

आन् तुम्ही म्हणता मागून कळवा. ज्याले कळवसान, तो सावध होऊन जाईल. मंग पुढच्या खेपेला तो फोनवर बोलणारच नाई.

निवृत्त_खाकी

इतवारीवाल्या भाऊंच्या दुसऱ्या मुद्द्याशी सहमत. खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून दोन-तीन गोष्टी स्पष्ट करतो.

पहिली, लोक टॅपिंग आणि सीडीआर यांची गल्लत करतात. कोणी कोणाला किती वाजता फोन केला, कोणत्या टॉवरखाली होता, हा झाला सीडीआर. तो मागवायला पोलीस अधीक्षक किंवा शहरात डीसीपी (पोलीस उपायुक्त) दर्जाच्या अधिकाऱ्याची सही लागते. बोलणं ऐकायचं असेल तर गृहखात्याचा आदेश लागतो. नव्वद टक्के तपास सीडीआरवरच होतो, हे माझ्या अनुभवातून सांगतो.

दुसरी, वेळ. मूल पळवलं गेलं आणि खंडणीचा फोन आला, तर मंत्रालयातून सही येईपर्यंत कोण थांबणार? म्हणून नियमातच सोय आहे. आयजी (पोलीस महानिरीक्षक) दर्जाचा अधिकारी तातडीत आदेश देऊ शकतो, तीन कामकाजाच्या दिवसांत वर कळवावं लागतं आणि सातव्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मंजुरी आली नाही तर ऐकणं थांबवावं लागतं. या सगळ्याच्या आधी न्यायाधीश बसवला तर ते मूल हातचं जाईल. मी हे जबाबदारीने लिहितो आहे.

तिसरी, टोळीच्या तपासात एका माणसावरून दुसऱ्यावर जावं लागतं. पहिला निर्दोष निघाला म्हणून त्याला कळवलं, आणि तो दुसऱ्याचा मेहुणा असला, तर वर्षभराची मेहनत गेली.

धंतोलीकर

साहेब, तिन्ही मुद्दे मान्य, आणि तिन्ही माझ्या मागणीच्या आड येत नाहीत. मी 'आधी परवानगी' हा विषय या धाग्यात घेतलेला नाही. तुम्ही ऐका, तातडीत ऐका. काम संपल्यावर कळवा, एवढंच मागतो आहे.

मेहुण्याचा प्रश्न इतरांनी सोडवलेला आहे. अमेरिकेचा १९६८चा वायरटॅप कायदा सांगतो की आदेशाची मुदत संपल्यावर ९० दिवसांच्या आत त्या माणसाला लेखी कळवायचं: आदेश होता, या तारखेपासून या तारखेपर्यंत होता, बोलणं ऐकलं गेलं किंवा गेलं नाही. तपास अजून चालू असेल तर न्यायाधीशाला कारण पटवून ते पुढे ढकलता येतं. जर्मनीत गुप्तचर संस्थांच्या फोन ऐकण्यावरही असाच नियम आहे. कळवल्याने उद्देश धोक्यात येत असेल तोवर थांबा, पण थांबण्याचा निर्णय पुढे एका स्वतंत्र आयोगापुढे जातो. ढकलता येणं वेगळं आणि कधीच न कळवणं वेगळं.

इतवारीवाल्या भाऊंसाठी आपल्याच उच्च न्यायालयाचं प्रकरण सांगतो. २२ ऑक्टोबर २०१९, मुंबई. लाचेच्या आरोपात एका उद्योजकाचा फोन सीबीआयने ऐकला होता, केंद्रीय गृहखात्याचे तीन आदेश होते. न्यायालयाने विचारलं, यात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे? सार्वजनिक सुरक्षिततेला धोका कोणता? उत्तर मिळालं नाही. तिन्ही आदेश रद्द झाले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं गेलं. जुलै २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने २०११च्या एका आदेशाबद्दल हेच म्हटलं.

पण या दोन्ही माणसांना टॅपिंगचं कळलं कसं? त्यांच्यावर खटला भरला गेला, कागदपत्रांत संभाषणं जोडली गेली, म्हणून. ज्याच्यावर खटला झाला, त्याला न्यायालयाचं दार उघडं राहिलं. ज्याच्या फोनमध्ये भाव आणि फी यापलीकडे काहीच सापडलं नाही, त्याला ते कधीच कळत नाही, म्हणून तो कुठे जाऊही शकत नाही. भाऊ, मी तुमच्याचबद्दल बोलतो आहे.

शिकागोतला_सदरकर

गेली अनेक वर्षं इकडे आहे, घर सदरला. धंतोलीकरांनी इथल्या कायद्याची चांगली बाजू सांगितली, मी दुसरी सांगतो. त्यातून त्यांचा मुद्दा आणखी पक्का होतो असं मला वाटतं.

९० दिवसांचा नियम गुन्ह्यांच्या तपासाला आहे. हेरगिरीच्या नावाखाली जे होतं त्याला तो नाही. १९७२मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला होता की देशांतर्गत सुरक्षेचं कारण दिलं तरी राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्या अधिकारात नागरिकांचे फोन ऐकता येणार नाहीत, न्यायाधीशाचं वॉरंट लागेल. तेव्हा निक्सन सत्तेवर होते. नंतर सिनेटच्या चर्च समितीने १९७५-७६मध्ये एफबीआय, सीआयए, एनएसए या तपास आणि गुप्तचर संस्थांनी स्वतःच्याच नागरिकांवर वर्षानुवर्षं ठेवलेली पाळत उघड केली आणि १९७८मध्ये हेरगिरीसाठीच्या पाळतीवरचा फिसा कायदा होऊन गुप्त न्यायालय स्थापन झालं. एवढं होऊनही ९/११ नंतर वॉरंटशिवाय ऐकणं सुरू झालं, ते डिसेंबर २००५मध्ये वर्तमानपत्रामुळे कळलं.

आता धाग्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. २०१३च्या फेब्रुवारीत काही वकील, पत्रकार आणि मानवाधिकार संघटनांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळली. कारण काय, तर तुमच्यावर पाळत होती हे तुम्ही दाखवू शकत नाही, म्हणून तुम्हाला दाद मागण्याचा हक्कच नाही. सरकारी वकिलांनी त्या न्यायालयाला सांगितलं होतं की ज्याच्याविरुद्ध असा पुरावा वापरला जाईल त्याला आम्ही कळवतोच. चार महिन्यांनी एनएसएसाठी काम केलेल्या स्नोडेनने तिचे गुप्त कागद बाहेर काढले. मग लक्षात आलं की तसं कळवलंच जात नव्हतं. त्या वर्षाच्या शेवटी पहिल्यांदा आरोपींना नोटिसा निघाल्या. प्रत्येकाच्या फोनच्या नोंदी सरसकट गोळा करण्याचा कार्यक्रम बेकायदा असल्याचं अपील न्यायालयाने मे २०१५मध्ये सांगितलं.

न्यायालय होतं, कायदा होता, संसदीय समिती होती. तरी पाळत असलेल्याला कळत नव्हतं तोवर यातलं काहीच पुरलं नाही.

मेडिकल_चौक

+१

आपल्याकडचं ताजं उदाहरण जोडतो. २०१९च्या ऑक्टोबरात व्हॉट्सॲपने जगभरात सुमारे १,४०० लोकांना सांगितलं की पेगासस नावाच्या स्पायवेअरने तुमच्या फोनवर हल्ला झाला. त्यात नागपुरातले एक वकीलही होते, त्यांनी स्वतःच ते जाहीरपणे सांगितलं. कळवलं कोणी? एका परदेशी कंपनीने. नंतर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. तिने २९ फोन तपासले, पाचांत कुठलंतरी मालवेअर सापडलं, ते पेगाससच आहे असा निष्कर्ष निघू शकला नाही. केंद्राने सहकार्य केलं नाही, असं समितीने म्हटल्याचं सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितलं.

गोकुळपेठ_२२

आणि आपल्या विदर्भातलं विसरलात का? नाना पटोले खासदार होते तेव्हा २०१६-१७मध्ये त्यांचा नंबर 'अमजद खान' या नावाने टॅपिंगला लावला होता, हे त्यांनीच २०२१मध्ये विधानसभेत सांगितलं. ज्यांनी हे केलं त्या सगळ्यांना

व्यवस्थापन

वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. त्या प्रकरणातले पुणे आणि मुंबईतले दोन्ही एफआयआर उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये रद्द केलेले आहेत. कोणत्याही व्यक्तीला इथे दोषी ठरवू नका. धागाकर्त्याने पक्ष बाजूला ठेवायला सांगितलं आहे, ते पाळा.

धंतोलीकर

व्यवस्थापनाचे आभार. कोण दोषी हा माझाही विषय नाही. पण त्या प्रकरणातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोकसभेचा निवडून आलेला सदस्य, त्याला कळायला इतकी वर्षं गेली, आणि तेही सरकार बदललं म्हणून. तेलंगणातही टॅपिंगचं प्रकरण २०२४मध्ये बाहेर आलं ते आदल्या डिसेंबरात सरकार बदलल्यावरच, आणि तोवर हार्ड डिस्क नष्ट केल्याचा आरोप होता. निवडणुकीच्या निकालावर ज्याचं कळणं अवलंबून आहे, त्याला हक्क म्हणता येत नाही.

नाग_नदी

माझे वडील आणीबाणीत मिसा या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत होते. त्यांच्या विचारांशी माझं पुढे जमलं नाही, पण त्या काळाबद्दल घरात जे ऐकलं त्यामुळे हा विषय मला लांबचा वाटत नाही.

मिसाखाली पकडलेल्यांना उच्च न्यायालयात जाता येतं का, हा तेव्हा प्रश्न होता. येतं, असं सांगण्याचं धैर्य ज्या उच्च न्यायालयांनी दाखवलं त्यात आपलं नागपूर खंडपीठ होतं. अलाहाबाद, दिल्ली, कर्नाटक, मध्य प्रदेश, पंजाब, राजस्थान, आणि मुंबईचं नागपूर खंडपीठ. सरकार याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेच एडीएम जबलपूर. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी विचारलं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तरी दाद नाही का? ॲटर्नी जनरलने उत्तर दिलं की आणीबाणी असेपर्यंत नाही. २८ एप्रिल १९७६ला चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. एक होते ते खन्ना. जानेवारी १९७७मध्ये त्यांना डावलून त्यांच्यानंतरच्या न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं, त्यांनी राजीनामा दिला.

तो निकाल पुसला गेला २४ ऑगस्ट २०१७ला, पुट्टस्वामी खटल्यात. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं. त्या नऊत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, त्यांचं स्वतंत्र निकालपत्र आहे. आणि एडीएम जबलपूर चुकीचा होता हे लिहिणारे धनंजय चंद्रचूड, ज्यांचे वडील यशवंतराव १९७६च्या बहुमतात होते.

या सिव्हिल लाइन्समधल्या दगडी इमारतीत आणीबाणीच्या मध्यावर सरकारच्या विरोधात निकाल लिहिला गेला, हे शहरातल्या किती तरुण वकिलांना माहीत आहे, मला शंका आहे. शाळेच्या सहली झिरो माइलला जातात, दोन पावलं पुढे तिथेही न्याव्यात.

इतवारीवाला

भाऊ, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण एक सांगा. तेव्हा माणूस जेलात होता. बायको-लेकरांना समजत होतं की बाप आत हाये. फोन ऐकला त्यात कोणाचं घर उघडं पडलं? तुलना बराबर वाटत नाई.

नाग_नदी

दादा, तुलना त्रासाची नाही करत मी. त्रास तुरुंगातलाच मोठा. मी दाद मागण्याबद्दल बोलतो आहे. तेव्हा निदान माणूस आत आहे हे माहीत होतं, म्हणून कोणीतरी त्याच्यासाठी अर्ज करू शकलं. अर्ज झाले म्हणून खंडपीठाला निकाल देता आला.

आपल्याच गावातलं मागच्या वर्षीचं बघा. मार्च २०२५मध्ये महाल भागात दंगल झाली. त्यानंतर २४ मार्चला आरोपींची घरं पाडायला बुलडोझर निघाले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्येच सांगितलं होतं की आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही, अनधिकृत असलं तरी पंधरा दिवसांची नोटीस हवी, आणि शासनाने न्यायाधीशाचं काम करायचं नाही. घरचे लोक त्याच दिवशी खंडपीठात गेले, त्याच दिवशी स्थगिती मिळाली. एक घर तोवर पाडून झालं होतं. दंगलखोरांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. सांगायचं हे की बुलडोझर दारात दिसतो, म्हणून न्यायालय काही तासांत हस्तक्षेप करू शकलं. फोनवर चालवलेला अधिकार दिसतच नाही.

संविधान_चौक

मी सफाई कामगारांमध्ये काम करते. वरची चर्चा वाचली आणि थोडं अस्वस्थ व्हायला झालं, म्हणून लिहिते.

सगळे धरून चालले आहेत की कळलं की माणूस काहीतरी करू शकतो. आपल्या महानगरपालिकेने काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कामगार कुठल्या बीटवर आहे, किती वेळ आहे, हे नियंत्रण कक्षात पडद्यावर दिसायचं, आणि त्यावर हजेरी व पगार. यात गुप्त काहीच नव्हतं. घड्याळ हातावरच होतं. तरी ते काढून ठेवायची सोय कोणाला होती? ऐवजदार (बदली कामगार) तर रोजावर, त्याला 'नको' म्हणायची मुभाच नाही. बायांना चहाच्या टपरीवर किंवा संडासला जायचं तरी बिंदू हलतो याची धास्ती. कामगार बोलले, बातम्याही आल्या.

तुम्ही मंडळी न्यायालयाची भाषा बोलता कारण न्यायालय तुमच्या आवाक्यात आहे. माझ्या लोकांना पत्र आलं की 'तुमचा फोन अमुक महिने ऐकला', तर ते पहिल्यांदा घाबरतील. ते पत्र घेऊन कुठे जायचं याची व्यवस्था नसेल तर कळवणं म्हणजे आणखी एक धमकीच होईल.

धंतोलीकर

ताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. माझ्या मांडणीत ही जागा रिकामी होती. पत्रासोबत फुकट वकील आणि तक्रारीचं ठिकाण हवं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, पत्रातच त्याचा पत्ता आणि तुमचा हक्क छापलेला असावा. नुसत्या माहितीने भागणार नाही, मान्य.

तरी घड्याळाचं उदाहरण मी थोडं वेगळं वाचतो. ते हातावर दिसत होतं म्हणून तुम्ही संघटना म्हणून बोलू शकलात, पत्रकार लिहू शकले. हरलात किंवा जिंकलात, भांडण तरी झालं.

मेडिकल_चौक

कॅमेऱ्यांबद्दल कोणीच बोललं नाही. शहरात साडेतीन हजारांहून जास्त सीसीटीव्ही स्मार्ट सिटी प्रकल्पातून लागले आहेत. मार्व्हल ही गुन्हे तपासासाठी एआय वापरणारी राज्य सरकारची कंपनी २०२४पासून नागपुरातच आहे. हे सगळं मी डेटाचं काम करतो म्हणून कुतूहलाने बघतो, आणि चोऱ्या, अपघात यांत त्याचा उपयोग होतो हेही दिसतं.

पण त्याला बांधणारा कायदा शोधायला गेलं तर हाती काय लागतं? चेहरा ओळखण्यावर वेगळा कायदा नाही. २०२२च्या ओळख कायद्याने अटक झालेल्यांचे बोटांचे ठसे, बुबुळ, डोळ्याचा पडदा यांच्या नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात केंद्राला कोणत्याही सरकारी यंत्रणेला सूट देण्याचा अधिकार कलम १७(२)मध्ये आहे. त्याच कायद्याच्या कलम ४४(३)ने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलमही बदललं, त्यामुळे तिकडूनही वाट अरुंद झाली. पुट्टस्वामी निकालाने कसोटी घालून दिली आहे: कायदा हवा, उद्देश वैध हवा, उपाय प्रमाणात हवा, गैरवापर रोखायची व्यवस्था हवी. कॅमेऱ्यांच्या बाबतीत आपण पहिल्याच पायरीवर अडलो आहोत.

जुना_लाइनमन

टेलिफोन खात्यात जन्म गेला. एक गोष्ट तुम्हा कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही.

आमच्या काळात लाइन ऐकायची म्हणजे एक्सचेंजमध्ये एमडीएफवर, म्हणजे सगळ्या लाइनी येऊन मिळतात त्या चौकटीवर, त्या ग्राहकाची पेअर (तारांची जोडी) शोधून जंपर (जोडतार) टाकावा लागे. ते काम माणसाच्या हाताने व्हायचं. म्हणजे निदान दोन-तीन माणसांना माहीत असायचं की अमुक नंबरला जोडणी आहे. आदेशाचा कागद असल्याशिवाय हात लावायचा नाही असं सांगणारा एखादा खमक्या अधिकारी असला तर तोच अडसर. पुढे मोबाइल आले तेव्हाही कंपनीत नोडल अधिकारी आदेश बघूनच नंबर लावायचा.

२६/११ नंतर केंद्रीय देखरेख प्रणाली आली, सीएमएस म्हणतात ती. तिची रचनाच अशी की सरकारी यंत्रणा आपल्या बाजूने नंबर लावते, कंपनीच्या माणसाला मधे यावं लागत नाही. गुप्तता राहते, फुटत नाही, असं कारण दिलं जातं आणि त्यात तथ्य आहे. पण कागद मागणारा तो बाहेरचा माणूसही गेला. वकीलसाहेब म्हणतात तसं ज्याच्यावर पाळत आहे त्याला कळत नाही, त्यात आता जोडणाऱ्यालाही कळत नाही.

निवृत्त_खाकी

लाइनमन काका, बरोबर. आमच्या बाजूनेही सांगतो. कागद मागणारा माणूस समोर असला की अर्ज नीट लिहिला जातो. 'सार्वजनिक सुरक्षितता' हे दोन शब्द छापील असल्यासारखे टाकून चालत नाही, नाव-गाव-कारण लिहावं लागतं. त्याने तपासाचं नुकसान होत नाही, उलट न्यायालयात पुरावा टिकतो. मुंबईचा २०१९चा निकाल मी आज वाचला. तीन आदेश आणि सगळी मेहनत वाया गेली, ती कारण नीट नसल्यामुळेच.

दहशतवाद आणि देशाबाहेरच्या हेरांबाबत कळवण्याला माझा विरोध कायम आहे. साध्या गुन्ह्यांत, तपास बंद झाल्यावर, न्यायाधीशाला पुढे ढकलण्याचा अधिकार ठेवून कळवायला माझी हरकत नाही. आणि आकडे जाहीर करायला तर अजिबात नाही. वर्षाला राज्यात किती आदेश निघाले, समितीने किती रद्द केले, एवढं सांगितल्याने कुठल्या गुन्हेगाराला काय कळणार आहे?

इतवारीवाला

आकड्यांचं पटलं. आमचा धंद्याचा हिशेब सरकार पाहते, मंग सरकारचा हिशेब आम्ही पाह्यला तर वाईट काय? कळवण्याचं अजून माझ्या मनात पक्कं नाई. पण खाकीवाल्या साहेबांनी जे म्हटलं, की साध्या गुन्ह्यात, सगळं संपल्यावर, तेवढ्याले चालते.

धंतोलीकर

मग एक ठोस काम करू. माहिती अधिकारातून काही मिळेल ही आशा कमी आहे. एका वकिलाने आपला फोन टॅप होता का, एवढंच दूरसंचार नियामकाला विचारलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ही माहिती देता येणार नाही असं ठरवलं. पण विधिमंडळाला मंत्री उत्तर द्यायला बांधील असतो, आणि हिवाळी अधिवेशन आपल्याच गावात भरतं. शहरातल्या आमदारांना, सर्व पक्षांच्या, एकच मजकूर द्यायचा. तारांकित प्रश्नासाठी मसुदा:

"मागील पाच वर्षांत प्रत्येक वर्षी राज्याच्या गृह विभागाने संदेश अडवण्याचे किती आदेश दिले, तातडीच्या अधिकारात किती दिले व त्यांपैकी किती सात दिवसांत मंजूर न झाल्याने थांबले, पुनर्विलोकन समितीच्या किती बैठका झाल्या, समितीने किती आदेश रद्द केले, व ज्यांच्याविरुद्ध कोणतीही कारवाई झाली नाही अशा व्यक्तींना मुदतीनंतर कळवण्याची तरतूद करण्याचा शासनाचा विचार आहे काय?"

यात कोणाचं नाव नाही, कोणता तपास नाही.

संविधान_चौक

शेवटच्या वाक्यात 'व अशा व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत सहाय्य देण्याचा' हेही घाला. आणि कॅमेऱ्यांचा प्रश्न वेगळा करून नगरविकास आणि गृह दोन्हीकडे द्या, नाहीतर प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

मेडिकल_चौक

कॅमेऱ्यांचा मसुदा मी लिहितो. चित्रीकरण किती दिवस ठेवतात, कोणाला दिलं जातं, चेहरा ओळखण्याची प्रणाली कोणत्या कायद्याखाली चालते, असे तीन मुद्दे ठेवतो. रविवारी इथेच टाकेन, काकांनी आणि खाकी साहेबांनी तांत्रिक शब्द तपासून द्यावेत.

निवृत्त_खाकी

देतो. 'सात दिवस' ऐवजी 'कामकाजाचे सात दिवस' लिहा, नियमातले शब्द तसेच ठेवा. नाहीतर उत्तरात तेवढ्यावरच बोट ठेवून बाकी प्रश्न टाळला जाईल.

धंतोलीकर

दुरुस्त केलं. ताईंचं वाक्यही घातलं. माझ्या ओळखीतल्या दोन आमदारांकडे, एक सत्तेतले, एक विरोधातले, मी जातो. पश्चिम आणि उत्तर नागपूरकडे कोण जाईल ते खाली लिहा.